ल्युपस असताना दिवस गेले तर पुढचा धोका मशीन लर्निंगने आधी कळेल का?

पूर्णाकाठ (परभणी, सध्या पुणे)

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. लग्नाआधी दोन वर्षं तिचे सांधे धरायचे, गालांवर लाल चट्टे उठायचे. उन्हाचे चट्टे म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. निदान झालं तोवर लघवीतून प्रोटीन जायला लागलं होतं. पुढे उपचार लागू पडले. गेलं दीड वर्ष आजार शांत आहे, आणि डॉक्टरांना विचारूनच तिने मूल होऊ द्यायचं ठरवलं. त्यांनी आधी मायकोफेनोलेट हे गरोदरपणात न चालणारं औषध बंद करून अझाथायोप्रिन हे चालणारं सुरू केलं, काही महिने वाट पाहिली, मग होकार दिला. आता तिसरा महिना चालू आहे.

परवा फोनवर म्हणाली, "अक्का, तू दिवसभर कंप्युटरवर लोकांचे अंदाजच काढत बसतीस ना? मग माझा काढ की."

कर्जाचा हप्ता कोण थकवील याचा अंदाज बांधणारी मॉडेलं बनवणं हे माझं काम. तिच्या त्या वाक्यानंतर तीन रात्री मी या विषयावरचं मिळेल ते वाचत बसले. जे समजलं ते मांडते. डॉक्टर, आकडेशास्त्रवाले, गावात काम करणारे, ज्याला जिथे चूक दिसेल तिथे दुरुस्त करा.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बाया असतात, आणि बहुतेक ऐन मूल होण्याच्या वयातल्या. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं असतात. त्यांनी वारेचं (प्लॅसेंटाचं) काम बिघडतं, बाळाला रक्त कमी पोचतं. मग बाळ वाढत नाही, बीपी चढतो, दिवस भरायच्या आत बाळंतपण करावं लागतं किंवा बाळ पोटातच जातं. यातल्या एका प्रतिपिंडाचं नाव ल्युपस अँटिकोॲग्युलंट. नाव ऐकून वाटतं रक्त पातळ करत असेल. प्रयोगशाळेच्या नळीत ते रक्त गोठायला उशीर लावतं खरं, पण शरीरात नेमकी गुठळी धरतं.

या विषयातला सगळ्यात भरवशाचा अभ्यास प्रॉमिस नावाचा, उत्तर अमेरिकेतला. २००३ पासून त्यांनी गरोदर बायांना पहिल्या महिन्यांपासून पाहिलं. ल्युपसच्या ३८५ जणींचे निकाल २०१५ साली छापून आले. १९ टक्के गरोदरपणांत काही ना काही गंभीर गुंतागुंत झाली. कुठलाच धोक्याचा घटक नव्हता त्यांच्यात हेच प्रमाण ७.८ टक्के. म्हणजे ल्युपस आहे म्हणून मूल होऊ देऊ नका, असं सांगण्याचा काळ गेला. हे मी आईला फोन करून आधी सांगितलं.

नंतर त्याच नोंदींवर मशीन लर्निंगच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून कंप्युटरने अंदाज शिकायच्या, पद्धती लावून पाहिल्या गेल्या. रँडम फॉरेस्ट, सपोर्ट व्हेक्टर मशीन, ग्रेडियंट बूस्टिंग, आणि सगळ्यांची मोट बांधणारा सुपरलर्नर. सुपरलर्नरचा एयूसी ०.७८ आला. लॅसो ही साधी, मोजकेच घटक निवडणारी पद्धत ०.७७ वर. एयूसी म्हणजे काय ते आईला सांगितलं तसंच सांगते. पुढे त्रास झालेली एक बाई आणि न झालेली एक बाई अशा शंभर जोड्या लावल्या, तर ७८ जोड्यांत मॉडेलने पहिलीला जास्त धोका दाखवला. बावीस जोड्यांत उलटं.

सगळ्या पद्धती फिरून फिरून त्याच तीन-चार गोष्टींवर येतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह आहे का, प्लेटलेट कमी आहेत का, बीपीची गोळी चालू आहे का, आजार किती सक्रिय आहे. आणि हे सगळं गरोदरपणाच्या सुरुवातीलाच मोजलेलं.

मग मी बहिणीची पिशवी उघडली. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात चार वर्षांचे रिपोर्ट. निम्मे गुळगुळीत थर्मल कागदावरचे, अक्षरं उडून कोरे झालेले. अँटिकोॲग्युलंटची तपासणी एकदाच झालेली, आणि तिचा निकाल नेमका त्या कोऱ्या कागदांत. गावच्या नोंदीत तिचा बीपी प्रत्येक भेटीला ११०/७०. मी तिच्या जाऊबाईंचं कार्ड मागून पाहिलं, तिथेही ११०/७०, शेजारणीचंही. मोजलं की नुसतं लिहिलं, ते त्या कागदावरून कसं कळायचं? कामात असा डेटा आला तर मी परत पाठवते. बहिणीचा कुणाकडे परत पाठवू?

मॉडेल जगात तयार आहे. त्याला भरवायला आपल्याकडे काय आहे, हा माझा प्रश्न आहे.

बालाघाट (अंबाजोगाई पट्टा)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. ताई, मांडणी बरोबर आहे. आधी बहिणीपुरतं बोलतो, कारण तिसरा महिना चालू आहे आणि वेळ महत्त्वाचा आहे.

धोक्याचा आकडा ३० टक्के आला काय आणि ४५ आला काय, पहिल्या तीन-चार महिन्यांत करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कमी मात्रेची ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर उपयोग. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही ल्युपसची गोळी बाळंतपण होईपर्यंत आणि नंतरही चालू ठेवायची. आमच्याकडे घरची मंडळी "गोळी गरम पडती" म्हणून हीच गोळी आधी बंद करतात, आणि सहाव्या महिन्यात आजार उसळून आलेली बाई माझ्यासमोर येते. तिच्या सासरी हे एकदा नीट बसून सांगा. अँटिकोॲग्युलंट परत करून घ्या. पॉझिटिव्ह आलं तर बारा आठवड्यांनी पुन्हा करतात, पण तोवर हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या सुईचं) काय करायचं ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. अँटी-रो ही प्रतिपिंडंही पाहा. ती असतील तर शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके पोटातच मंदावतात. त्यासाठी साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या काळात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहतात. कुठलीही गोळी इथलं वाचून सुरू किंवा बंद करू नका, तिच्या डॉक्टरांपुढे हे प्रश्न ठेवा.

आता मशीनचं. २०१७ चा ॲस्प्रे नावाचा अभ्यास पाहा. तो ल्युपसचा नव्हता, सर्वसाधारण गरोदर बायांचा होता. बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), रक्तातले वारेचे घटक आणि बाईचा पूर्वेतिहास एका गणितात घालून जास्त धोक्याच्या बाया निवडल्या. निम्म्यांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली. ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रोटीन जाणं) होण्याचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. अंदाजापाठोपाठ हातात उपाय होता, म्हणून त्या अंदाजाला किंमत.

मला मशीनची गरज वेगळ्याच ठिकाणी भासते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ल्युपसची बाई येते. बीपी १५०, लघवीची पट्टी पिवळ्याची हिरवी झालेली, पाय सुजलेले. हा प्रीएक्लॅम्प्सिया, की मूत्रपिंडात ल्युपस उसळला? पहिला असेल तर बाळंतपण जवळ करावं लागतं, दुसरा असेल तर स्टिरॉइड वाढवून गरोदरपण पुढे नेता येतं. उपाय एकमेकांच्या उलट. रक्तातले सी३-सी४, डीएनएची प्रतिपिंडं, लघवीतल्या लाल पेशी, युरिक ॲसिड, सगळं जुळवून ठरवायचं, तेही रात्री दहा वाजता, संधिवाततज्ज्ञ गावात नसताना. त्या वेळी कुणी शेजारी बसून "आधीच्या अशा बायांत असं निघालं होतं" एवढं सांगितलं तरी मला हवंय.

औंढा (हिंगोली)

मी कंप्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला तर? आशाताईंच्या मोबाईलवर ॲप, मराठीत प्रश्न, मागे न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यासारखं रचलेलं मॉडेल), शेवटी लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा. इंटरनेटवर मोकळा डेटा मिळतोय, प्रशिक्षण त्यावर देता येईल.

मन्याड (नांदेड)

औंढा, तुमची तळमळ मला आवडली म्हणून सविस्तर लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवतो.

३८५ बायांत १९ टक्के म्हणजे त्रास झालेल्या साधारण ७३. मॉडेल शिकतं ते या ७३ जणींकडून. जुना ठोकताळा आहे की एका घटकामागे निदान दहा घटना हव्यात. म्हणजे सात घटकांपलीकडे गेलात की मॉडेल पाठांतर करायला लागतं, आणि न्यूरल नेटवर्कमध्ये तर हजारो वजनं, म्हणजे डेटावरून शिकायचे आकडे, असतात. लॅसो सुपरलर्नरच्या बरोबरीला येऊन बसला त्याचं कारण मला हेच दिसतं.

आता तुमचा लाल दिवा. १०० बाया घ्या. १९ जणींना त्रास होणार, ८१ सुखरूप. मॉडेल दोन्हीकडे ८० टक्के बरोबर आहे असं धरू, म्हणजे चांगलंच मॉडेल. ते १९ पैकी १५ पकडेल आणि ८१ पैकी १६ जणींना उगाच लाल दाखवेल. लाल दिवा ३१ जणींचा, खरा त्रास १५ जणींना. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया विनाकारण धास्तावल्या, आणि चार जणी हिरव्या दिव्यावर विसंबून घरी राहिल्या. मला त्या चौघींची जास्त काळजी वाटते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. प्रॉमिसमध्ये गोऱ्या वंशाची असणं हा संरक्षक घटक निघाला. ज्यांच्यात अँटिकोॲग्युलंट होतं, किंवा ते नसूनही ज्या गोऱ्या नव्हत्या वा हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) होत्या आणि बीपीच्या गोळीवर होत्या, त्यांच्यात गुंतागुंत ५८ टक्के. आता हे मॉडेल सेलूच्या किंवा देगलूरच्या बाईला लावा. त्या रकान्यात आपली प्रत्येक बाई एकाच बाजूला पडते, मग तो रकाना आपल्याला काय सांगणार? कातडीच्या रंगामागे तिकडची गरिबी, विमा, दवाखान्यापर्यंतची वाट असं बरंच काही दडलेलं असू शकतं. आपल्याकडची गरिबी वेगळी, वाट वेगळी. शिवाय त्या अभ्यासात मुळात आजार शांत असलेल्याच बाया घेतल्या होत्या, लघवीतून जास्त प्रोटीन जाणाऱ्या वगळल्या होत्या. घाटीच्या (छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत येणारी बाई त्या गाळणीतून खाली उतरलीच नसती.

परदेशी सूत्र आपल्याकडे चुकतं याचं एक चांगलं उदाहरण आहे. सोनोग्राफीवरून गर्भाचं वय काढायला आपण वर्षानुवर्षं हॅडलॉकचं सूत्र वापरतो. आयआयटी मद्रास आणि फरीदाबादच्या टीएचएसटीआय या संशोधन संस्थेने गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयातल्या गरोदर बायांच्या नोंदींवरून गर्भिणी-जीए२ नावाचं मॉडेल बनवलं, २०२४ मध्ये जाहीर केलं. चूक जवळपास एक तृतीयांशावर आली. त्याच्या आधी त्या लोकांनी २०१५ पासून बाई-बाई करून नोंदी जमवल्या होत्या. ॲप नंतर, औंढा. आधी नोंद.

बिंदुसरा (बीड)

मी आशा आहे. मशीनचं मला कळत नाही, नोंदीचं कळतं, म्हणून लिहिते.

आमच्या गावातली बरीच घरं दिवाळी झाली की कारखान्याला ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यातली एक बसली तर उचल फिटत नाही. म्हणून सातव्या महिन्यातली बाई पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला चढती. जाताना कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहतं. उसाच्या फडात तिचा बीपी कोण बघणार? पाडव्याच्या सुमाराला परत येती तेव्हा कार्डावर चार-पाच महिने कोरे.

मागच्या हंगामात एकीचा कोपीवरून (फडावरच्या झोपडीवरून) फोन आला. "ताई, पाय सुजायलेत, डोकं लई दुखायलंय, डोळ्यापुढं अंधारी यायली." मी म्हणलं काम टाक आणि १०८ ला फोन लाव, मुकादमाला मी बघते. पोरगी वाचली. बाळ साडेसातव्या महिन्यात झालं, वीस-बावीस दिवस काचेत होतं, आता चांगलं आहे. पण आमच्या नोंदीत तिच्या नावावर तीन भेटी दिसतात आणि तिन्हीला बीपी ठीक. पुढं काहीच नाही. तुमचं मशीन ही नोंद वाचून काय म्हणंल? बाई निरोगी होती म्हणंल ना?

आणि बीपीचं. ११०/७० लिहिलं जातं हे खरं आहे. पण मशीनचा पट्टा फाटला की महिनोन् महिने नवा येत नाही, हे पण खरं आहे. रकाना कोरा ठेवला तर वरून बोलणी बसतात.

पूर्णाकाठ

बिंदुसराताई, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीचं नेमकं वर्णन आहे. २०१९ साली झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दवाखान्यांत वापरात असलेलं एक मॉडेल तपासलं. त्या मॉडेलने आजारपण ओळखायला उपचारावर झालेला खर्च धरला होता. काळ्या लोकांवर खर्च कमी झालेला, म्हणून तेवढेच आजारी असूनही ते कमी धोक्याचे दिसले. आपल्याकडे फडावर गेलेल्या बाईची भेट नाही, म्हणून तक्रार नाही, म्हणून धोका नाही. कोरा रकाना हीच धोक्याची खूण धरायला हवी. हे मी आजवर कर्जाच्या कामात करत आले, इथे मला सुचलं नव्हतं. तुमचे आभार.

पट्ट्याचंही पटलं. मी लिहिताना नुसती चिडले होते.

तेरणा (धाराशिव)

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला ल्युपस नाही, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे. माझे दोन गर्भ गेले, एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्यात. पहिल्या वेळी नजर लागली म्हणाले, दुसऱ्या वेळी बाहेरचं म्हणाले. तिसऱ्या वेळी दिवस जायच्या आधीच एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बारा आठवड्यांनी परत तपासलं आणि नाव सांगितलं.

दिवस राहिल्यापासून रोज पोटात हेपरिनची सुई. नवरा पहिल्या दिवशी टोचताना थरथरत होता, तेव्हापासून मीच टोचून घ्यायला लागले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना हिरवे-निळे डाग, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. आत्याबाई रिकाम्या सुया लोणच्याच्या जुन्या बरणीत टाकायच्या आणि बरणी किती भरली ते बघायच्या. बरणी भरली तेव्हा नववा लागला होता. मुलगी आता चौथीत आहे.

मला आकड्याबद्दल सांगायचं आहे. ५८ टक्के हा आकडा माझ्या घरात त्या वेळी आला असता तर माझं माहेरी जाणं पक्कं होतं. दोन गेल्यावर दुसऱ्या लग्नाची बोलणी कानावर आलीच होती. आकडा बाईला सांगा, एकटीला, समोर बसवून. तिने ठरवावं कुणाला सांगायचं ते. दिवे-बिवे दाखवू नका. आशाताईंच्या मोबाईलवर लाल दिवा लागला तर संध्याकाळपर्यंत गावाला कळतं.

बालाघाट

तेरणाताई, तुमचं म्हणणं मान्य, पण पूर्ण नाही. रात्री गाडी करायची तर पैसे नवऱ्याकडे असतात. कुठे न्यायचं, रक्त कोण देणार, हे आधी ठरलं नाही तर घाटीला पोचेपर्यंत उशीर होतो. मी आकडा सांगत नाही, पण "हिचं बाळंतपण इथे होणार नाही, मोठ्या ठिकाणी होणार, सातव्या महिन्यापासून तयारीत राहा" हे नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगतो.

दुसरी भीती मी आमच्याच लोकांबद्दल बोलून दाखवतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं. भीती घालून शस्त्रक्रिया करणं आपल्याकडे घडलेलं आहे. उद्या कंप्युटरचा छापील कागद दाखवून कुणी लवकर सिझर करायला लागला तर बाई त्याच्याशी कशी भांडणार? म्हणून मॉडेलने नुसता आकडा देऊ नये. कशामुळे हा आकडा आला आणि आता काय करता येईल, तेही त्याच कागदावर मराठीत हवं.

तेरणा

डॉक्टर, तसं सांगणार असाल तर माझी हरकत नाही. पण आधी तिला.

औंढा

मन्याड सर, बिंदुसराताई, समजलं. न्यूरल नेटवर्क सोडलं. प्रोजेक्टसाठी एवढंच केलं तर चालेल का: थर्मल कागदाचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोटो काढून ठेवायचा, मोबाईलने त्यातले आकडे वाचायचे, बाईच्या संमतीने तिच्याच फोनमध्ये तारखेनिशी साठवायचे. इंटरनेट नसतानाही चाललं पाहिजे. फडावरसुद्धा.

मन्याड

करा. बीपीच्या रकान्यात "मोजलं नाही" असा एक पर्याय ठेवा, आणि तो निवडल्यावर कुणाला बोलणी बसणार नाहीत अशी सोय करा. त्या एका पर्यायाने तुमचा डेटा बाकीच्यांपेक्षा खरा होईल. मी मार्गदर्शनाला आहे.

पूर्णाकाठ

रविवारी परभणीला जाऊन आले. बहिणीच्या फायलीचं पहिलं पान मी हाताने लिहिलं, मोठ्या अक्षरात, बॉलपेनने, म्हणजे उडणार नाही. आजार कधीपासून शांत आहे, कोणत्या गोळ्या चालू आणि कोणत्या कधी बंद केल्या, मूत्रपिंडाचा त्रास कधी झाला होता, प्लेटलेट, बीपी, लघवीतलं प्रोटीन, सगळं तारखेसह. अँटिकोॲग्युलंट आणि अँटी-रोसाठी सोमवारी रक्त दिलं. ॲस्पिरिनचं तिच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं समजावलं. सासूबाईंनी विचारलं, "मग ही गरम नाही का पडत?" मी म्हणलं, बंद केली तर जास्त त्रास होतो. त्या म्हणाल्या, मग मीच देत जाईन रोज.

आकडा मी काढला नाही. तिने विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं, की तुझ्यासारख्या बायांवरून शिकलेलं मॉडेल माझ्याकडे नाही, आणि तुझं हे पान त्यातलं पहिलं असू शकतं.

त्या पानाचा कोरा नमुना बनवलाय. कुणाला हवा असेल तर इथे सांगा, पाठवते.

बिंदुसरा

मला पाठवा ताई. उद्या ९ तारीख आहे, आरोग्य केंद्रात मोफत तपासणी. माझ्यासोबत दोघी येणार आहेत. त्यातल्या एकीचे दोन गेलेत, दोन्ही पाचव्या महिन्यानंतर, आणि कार्डावर जास्त धोक्याचं लाल स्टिकर अजून लागलेलं नाही. तेरणाताईंचं वाचून मला तीच आठवली. डॉक्टरांना तिच्या रक्ताच्या त्या तपासणीचं विचारते. त्या अँटिकोॲग्युलंटचं स्पेलिंग तेवढं पानावर नीट लिहून द्या, मला चिठ्ठीवर तसंच उतरून घ्यायचंय.